गाडी का तापत होती, अण्णा

अण्णा, काल सकाळी गाडीच्या रेडिएटरमधलं सगळं पाणी काढलं. खाली घमेलं ठेवलं, नळी सोडली आणि मागे सरकून बसले. पुढे काय म्हणून विचारायला सवयीने मान वळवली, तर पडवीत तुमचा संदीप फोनवर बोलत होता. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा नीट रडू आलं ते तेव्हा, हातात दहाचा पाना आणि कोपरापर्यंत तांबडं गंजाचं पाणी असताना. दिवसकार्याच्या वेळी आलं नव्हतं. तेव्हा माणसं किती, पानं किती, गुरुजींना आणायला कोण जाणार, यातच सगळं गेलं.

तुमच्यावर पेपरात चार ओळी आल्या. नाटे गावी जन्म, तीस वर्षं लाँचवर इंजिन सांभाळलं, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ वाचून मला हसू आलं. तुमचा स्वभाव मनमिळाऊ असता तर आपली एवढी भांडणं झाली नसती, आणि तुमच्या या सुनेचं गाडीचं शिक्षणही झालं नसतं. गाडीचं नाव त्या चार ओळींत कुठेच नव्हतं.

गाडीचं काय करायचं हा विषय संदीपने तेराव्यानंतर लगेच काढला. त्याला दोन आठवड्यांत परत जहाजावर जायचंय, आणि पुढचे सहा महिने मी एकटी. अठरा वर्षांची डिझेलची एसयूव्ही, घाटात तापणारी, ती माझ्या गळ्यात ठेवून जायला त्याचं मन होईना. लांज्याचा एक माणूस न्यायला तयार होता. संदीप म्हणाला, अण्णांनी आपल्या हट्टापायी त्या गाडीची वाट लावली, आता तिच्यात जीव अडकवू नकोस. मी त्याला एवढंच म्हटलं की मला शनिवार-रविवार दे. रेडिएटर, होज पाइप, सगळं मी बदलते. त्यानंतर गाडी आंबा घाट न तापता चढली तर ठेवायची, नाहीतर सोमवारी त्या माणसाने घेऊन जावी. तो कबूल झाला. त्याला वाटलं असेल, शनिवारी दुपारपर्यंत ही दमेल.

त्याला दोष देत नाही. आपण दोघांनी त्या गाडीखाली किती तास काढलेत ते त्याने कुठे बघितलंय? तुमचे हात थरथरायला लागले तेव्हा तो कुठल्या तरी लांबच्या बंदरात होता. चहाची बशी तुमच्या हातात वाजायची. एकदा फॅन बेल्ट बदलताना पाना तीनदा निसटला. मी शाळेत निघाले होते, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "डोका माझा, हात तुझे. ये हिकडं." त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले आणि सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना नखांतलं ग्रीस सगळ्या पोरांनी बघितलं.

तेव्हापासून तुमची जागा माशांच्या उपड्या क्रेटवर आणि माझी बॉनेटखाली. तुमच्या पद्धती मला आधी वेडगळ वाटायच्या. काढलेले बोल्ट करवंट्यांत ठेवायचे, आणि इंजिनावर जे बोल्ट जिथे होते तशाच त्या करवंट्या जमिनीवर मांडायच्या. डावीकडचे डावीकडे, वरचे वर. हलत्या बोटीवर एक बोल्ट गडगडत गेला की तो दर्याचा झाला, म्हणून ही सवय, असं तुम्ही सांगितलंत. आपलं अंगण हलत नाही, मी म्हटलं. अजून हललेलं नाही, असं तुमचं उत्तर. कुठलाही बोल्ट एकदम आवळू द्यायचा नाहीत. सगळे थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटी एकेक झटका. गॅस्केट विकत आणलं तर तुमचा अपमान व्हायचा. जाड कागद त्या भागावर धरायचा आणि कडेकडेने छोट्या हातोडीने टोकत जायचं, की कागद आपोआप त्या आकारात कापला जातो. हे जमायला मला दोन महिने लागले. जमलं त्या दिवशी तुम्ही नुसता तो कागद उजेडाकडे धरून बघितलात आणि खिशात ठेवलात. शाबासकी म्हणतात ती मला या घरात तेवढीच मिळाली, आणि मला ती पुष्कळ झाली.

आणि ती तुमची पाणी चाखायची सवय. बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि थुंकून टाकायचं. मला शिसारी यायची. कूलंट विषारी असतं हे मी तुम्हाला दहा वेळा सांगितलं असेल, डब्यावरचं वाचून दाखवलं असेल. लाँचवर इंजिनाभोवतीच्या गोड्या पाण्यात समुद्राचं पाणी शिरलंय का ते जिभेवरच कळतं, त्याला दुसरं यंत्र नाही, हे तुमचं म्हणणं. "खारा पाणी इंजिनाला गार पन करता नि खाता पन," असं तुम्ही म्हणायचात. गाडीला कुठला समुद्र, असं मी विचारलं की तुम्ही फडक्याला बोट पुसायचात.

आपलं खरं भांडण वॉल्व्हचं. थर्मोस्टॅट म्हणतात तो. इंजिन थंड असेपर्यंत पाणी अडवून धरतो आणि गरम झालं की रेडिएटरकडची वाट मोकळी करतो. फार वर्षांपूर्वी तो एकदा बंद स्थितीतच अडकला होता, तेव्हा तुम्ही तो काढून नारळाच्या मुळात फेकलात आणि परत कधी बसवू दिला नाहीत. तुमचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "पाणी फिरला पायजे गो. अडवायचा कशाला?" मी पुस्तक उघडून चित्र दाखवलं. आपल्या इंजिनात तो वॉल्व्ह नसला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच परत फिरतं, म्हणजे चढणीला गार व्हायचं तेवढं होत नाही. तुम्ही चष्मा काढून ते चित्र बघितलंत, परत चष्मा लावून बघितलंत आणि म्हणालात की चित्र काढणाऱ्याने कोकणातला मे महिना बघितलेला नाही. हे भांडण आपण पाच वर्षं चवीने केलं. जेवताना केलं, भाट्याच्या पुलावर गाडीत बसून केलं, संगमेश्वरला माझ्या आईच्या घरी जाता-येता केलं. मला वाटतं आपल्या दोघांनाही ते मिटवायचं नव्हतं.

मग या वर्षीचा मे महिना आला. तुमच्या डोळ्यांसाठी कोल्हापूरला निघालो होतो, मी गाडी चालवत होते, तुम्ही शेजारी. साखरपा सोडलं, घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर काटा चढायला लागला. मी गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ. मागे एक एसटी थांबली, लोक खिडक्यांतून बघायला लागले. एक ट्रकवाला उतरून आला, भला माणूस, स्वतःचा पाण्याचा कॅन घेऊन. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर तुम्ही फडका धरून झाकण उघडलंत, बोट बुडवलंत, जिभेला लावलंत आणि थुंकलात. मग माझ्याकडे बघितलंत. तुम्ही काहीतरी बोलणार होतात. तेवढ्यात ट्रकवाल्याने विचारलं की गाडीचं काम कोण बघतं.

मी म्हणाले, "हे आमचे सासरे. वॉल्व्ह काढून फेकलाय यांनी. बोटीवरचे आहेत ना, यांना गाडीतलं काय कळणार?"

वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं की हे भांडणातलं वाक्य नाही. भांडणात आपण एकमेकांना याहून कितीतरी वाईट बोललो होतो, पण ते दोघांतलं होतं. हे मी परक्या माणसाला सांगितलं, एसटीतल्या लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि त्यात तुमची तीस वर्षं मोडीत काढली. तुम्ही झाकण लावलंत, नीट दोनदा दाबून लावलंत, आणि जाऊन गाडीत बसलात. कोल्हापूरला त्या दिवशी गेलोच नाही. हळूहळू उतरून घरी आलो. वाटेत तुम्ही पालीला चहा घेऊया म्हणालात, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पान्यांची पेटी माझ्या शिलाईच्या मशीनजवळ आणून ठेवलेली होती. चार महिने आपण घरातलं सगळं बोललो. बाजारात बांगडा कसा आहे, गोळी घेतलीत का, पाऊस किती, संदीपचा फोन आला का. माझ्या हातचं माशांचं तिखलं तुम्ही नेहमीसारखं दोनदा मागून घेतलंत. फक्त गाडीजवळ आला नाहीत. मी बॉनेट उघडलं की तुम्ही परसात निघून जायचात. उद्या माफी मागू, उद्या मागू असं करत मी जून काढला, जुलै काढला. माफी मागायची तर वॉल्व्हची बाजू सोडावी लागेल असं मला वाटायचं, आणि वॉल्व्हच्या बाबतीत मी बरोबर होते. बरोबर असण्याचा एवढा माज कशाला होता मला, ठाऊक नाही. आणि पाऊस सरता सरता एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

तर काल. आधी रेडिएटर सोडवला. वरचा होज पाइप त्याच्या तोंडाला इतका चिकटला होता की शेवटी ब्लेडने कापावा लागला. करवंट्या मांडल्या होत्या, ते बघून संदीप म्हणाला, हे काय, नैवेद्य आहे का? मी वॉल्व्हच्या जागेचं झाकण काढलं. आत अर्थातच वॉल्व्ह नव्हता, रिकामी गोल जागा. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. बघा, म्हटलं मनात. पंप मी काढणार नव्हते. पार्टच्या दुकानदाराने सुचवलं होतं की एवढं उघडताय तर पंपही बदलून टाका, म्हणून नवा आणला होता. त्याचा एक बोल्ट गंजून बसला होता, त्याला डिझेल पाजून तासभर वाट बघितली. मग पंप हातात आला.

अण्णा, पंपाच्या आत पाणी ढकलणारी जी चक्री असते तिला पाती राहिलीच नव्हती. सहा पात्यांच्या जागी सहा खुंट. बिस्किट ओलं होऊन कडा गळून जावी तशी ती पाती खाल्ली गेली होती. पाणी फिरणार कसं? वॉल्व्ह असता तरी गाडी तापलीच असती. मी नख लावून बघितलं तर तांबड्या गंजात पांढरे कण. क्षार. ती चक्री हातात घेऊन मी अंगणात किती वेळ बसले होते कोण जाणे. कारण ते मीठ कुठून आलं ते मला माहीत होतं.

विहिरीचं पाणी गाडीला घालायचं नाही, हे तुम्ही मला शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. खाडी जवळ, होळी झाली की आपली विहीर मचूळ होते, भातसुद्धा त्या पाण्यात शिजवत नाही आपण. पण वरचा होज पाझरायला लागला होता, रोज सकाळी थोडं पाणी घालावं लागायचं, कूलंटचा डबा मागे शेडमध्ये आणि विहीर दारात. शाळेची घाई. कळशी उचलायची आणि ओतायची. एकदा घातलं, काही झालं नाही. मग रोजच, तुम्ही उठायच्या आत, आणि उन्हाळ्यात आपण गाडीचं काम काढत नव्हतो. दोन उन्हाळे, अण्णा. आणि मी विज्ञान शिकवते. खाऱ्या पाण्यात खिळा कसा लवकर गंजतो त्याचा प्रयोग दरवर्षी मीच वर्गात मांडते, काचेच्या नळीवर चिठ्ठी चिकटवून.

तुम्हाला घाटातच कळलं होतं. बोट जिभेला लावलंत आणि माझ्याकडे बघितलंत, तेव्हा तुम्ही तेच बोलणार होतात. पुढच्या क्षणी मी तुम्हाला त्या लोकांसमोर काय बोलले, आणि तरीही तुम्ही बोलला नाहीत. एक शब्द पुरे होता. खारट आहे गो, एवढं म्हणाला असतात तर सगळी एसटी माझ्याकडे बघत राहिली असती. चार महिने पान्यांची पेटी माझ्याकडे ठेवून तुम्ही गप्प राहिलात. मी समजत होते की तुम्ही रुसला आहात. रुसलाही असाल, तो हक्क तुमचा होताच. मी तुमच्याबद्दल एवढा राग धरला त्या दिवसांत, की म्हातारा किती ताणतोय. काल मला माझीच लाज वाटली.

दुपारनंतर कामाला लागले. पंपाच्या खोक्यातलं गॅस्केट दुमडलेलं निघालं, म्हणून जाड कागद घेऊन हातोडीने टोकून नवं केलं. ते उजेडाकडे धरून बघायला कोणी नव्हतं. बोल्ट आळीपाळीने आवळले. नवा रेडिएटर, नवे होज, नवीन क्लिपा. आणि नवा वॉल्व्ह बसवला. त्या बाबतीत मात्र तुमचं चुकलंच होतं अण्णा, तुम्ही गेलात म्हणून ते बरोबर ठरत नाही. कूलंट हळूहळू ओतलं, इंजिन चालू ठेवून वरचा पाइप दाबत राहिले, आतली हवा सगळी निघेपर्यंत. इंजिनाला ढेकर आला की थांबायचं, हे तुमचंच.

आज सकाळी निघालो. ऑक्टोबरचं ऊन असं की संदीप हातखंब्यालाच घामाघूम. साखरप्याला मी मुद्दाम थांबले नाही, गरम गाडी तशीच घाटात घातली. ते वळण आलं. ट्रक जिथे उभा होता तिथे आज एक बाई काजू विकत बसली होती. काटा मधोमध, हलला नाही. वरपर्यंत हलला नाही. घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, सगळीकडे हात फिरवून बघितलं. एक थेंब कुठे पाझरत नव्हता. संदीप खूश झाला. त्याने तिथूनच लांज्याच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, बघ, वॉल्व्ह बसवल्यावर कशी आली. अण्णांनी तुझं ऐकायला हवं होतं.

गप्प राहणं किती सोपं होतं ते सांगते. गाडी राहिली होती, नवरा खूश होता, आणि तुम्ही तर आता काही म्हणणार नव्हता. तुम्ही माझ्यासाठी जे झाकलंत ते मी झाकूनच ठेवलं तर तुमचाच मान राखला जाईल, असंही एक मन म्हणालं. पण मग संदीप जन्मभर म्हणत राहणार की अण्णांच्या हट्टाने गाडी तापायची. मी त्याला सांगितलं. पंप संपला होता, आणि तो मी संपवला. विहिरीचं पाणी, दोन उन्हाळे. अण्णांनी चाखून ओळखलं होतं आणि ते बोलले नाहीत.

संदीप कठड्यावर बसला. मग त्याने सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. मे महिन्यात गाडी तापल्याचं मी त्याला जहाजावर कळवलं, त्याच दिवशी त्याने तुम्हाला फोन करून झापलं होतं. वयाकडे बघा, म्हणाला होता, आता गाडीला हात लावत जाऊ नका. तुम्ही ऐकून घेतलंत आणि त्याला म्हणालात, "माझ्याच हातून झाला ता. तिला काय बोलू नको."

म्हणजे तुम्ही नुसते गप्प राहिला नव्हता. माझी चूक तुम्ही आपल्या नावावर घेतली होतीत, मुलाकडून बोलणी खाल्ली होतीत, आणि पेटी माझ्याकडे ठेवलीत ती रुसून नव्हे तर त्याने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं म्हणून. मी संदीपकडे बघू शकले नाही. तोही माझ्याकडे बघत नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तुमच्याशी काय केलं ते दोघांनाही एकदमच कळलं होतं. परतीच्या वाटेवर गाडी त्याने चालवली, मी शेजारी, तुमच्या सीटवर.

घरी येऊन हे लिहायला बसले. अण्णा, पाणी मी घातलं होतं. चूक माझी होती, आणि घाटात बोलले ते त्याहून मोठं चुकलं. तुम्ही असताना मी एवढं म्हटलं असतं, कुठल्याही सकाळी, चहा देता देता, तर तुम्ही "बरां, बरां, पाना दे हिकडं" म्हणून पुढच्या कामाला लागला असतात. एवढंच झालं असतं. ते मला पक्कं ठाऊक आहे.